मागे जाते का?

भाच्याला जुनी गाडी घ्यायची आहे. परवा ती घेऊन तो मला दाखवायला आला. दोन माणसांची, बुटकी, भडक रंगाची, उघड्या टपाची. इंजिन कसं आहे ते त्याने सांगितलं, टायर कसे आहेत ते सांगितलं, आधीचा मालक किती सज्जन आहे तेही सांगून झालं. मी एवढंच विचारलं, "मागे जाते का?" सगळे हसले. म्हातारीला गाडीतलं काय कळतं. हसा खुशाल. मला गाडीतलं काही कळत नाही हे खरंच आहे. पण अशीच एक गाडी घ्यायची की नाही हे ठरवताना रत्नागिरीत एका गृहस्थांनी माझा जो छळ मांडला होता, तो आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

त्यांचं नाव सांगत नाही. नातवंडं अजून तिथेच आहेत आणि भली माणसं आहेत. मिठाच्या चळवळीत तुरुंगात गेलेली मंडळी सुटून घरी आली होती, त्या सुमाराची गोष्ट. मी मुंबईला नर्सिंग शिकून रत्नागिरीला नव्याने निघालेल्या सूतिकागृहात नोकरीला आले होते. ते चालवणारी गावातल्या प्रतिष्ठितांची कमिटी होती आणि तिचे हे चिटणीस. आम्ही सगळे त्यांना चिटणीसच म्हणायचो. आयुष्यभर बंदरावर जकातीच्या कचेरीत नोकरी केलेली, त्यामुळे प्रत्येक वस्तूत काहीतरी लपवलेलं आहे या खात्रीनेच ते जगाकडे बघायचे. पेटी दिसली की टकटक करायचे, पिंप दिसलं की वास घ्यायचे. पेन्शनीत गेल्यावर जकात सुटली, टकटक सुटली नाही. लोकांना त्याचं भारी कौतुक. कुणाला बैल घ्यायचाय, बोलवा चिटणिसांना. हार्मोनियम घ्यायचीय, बोलवा. फणस पिकलाय की नाही, तेही त्यांनाच विचारा. एकदा मुलगी बघायच्या कार्यक्रमाला त्यांना नेलं होतं, तिथे त्यांनी मुलगी सोडून घराचे वासे ठोकून बघितले आणि वाळवी आहे म्हणून सांगून आले.

त्यांचं एक वाक्य होतं, "घाई कुणाला आहे?" हे वाक्य बैलाच्या बाबतीत ठीक आहे. फणसाच्या बाबतीत तर योग्यच आहे. पण माझा धंदा बाळंतपणाचा. अडलेल्या बाईचा नवरा दारात धापा टाकत उभा आहे, आणि हे सुपारी कातरत विचारतायत, घाई कुणाला आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

आणखी एक खूळ होतं, ते मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं. हा माणूस मागे फिरत नसे. घरातून निघाल्यावर चष्मा विसरल्याचं ध्यानात आलं तर दिवसभर तसाच आंधळ्यासारखा वावरेल, पण परत उंबऱ्यात येणार नाही. कुणाकडे जायचं आणि बोलता बोलता चार घरं पुढे गेलं, तर चार घरं मागे यायचं नाही, आख्ख्या आळीला वळसा घालून पुन्हा पहिल्या बाजूने यायचं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, कुठे चाललात विचारू नये, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. मीही पाळते. पण यांनी त्याचं शास्त्र करून ठेवलं होतं. कमिटीच्या सभेत मागच्या सभेचा वृत्तांत वाचू द्यायचे नाहीत. झालं ते झालं, म्हणायचे. त्यामुळे दर सभेत सगळे विषय नव्याने निघत, आणि माझ्या गाडीचा विषय तर इतक्या वेळा नव्याने निघाला की मी हात टेकले.

माझ्या गाडीचा म्हणजे, मला खेडोपाडी न्यायच्या गाडीचा. सूतिकागृह गावात, आणि बायका अडायच्या वाड्यांवर. बैलगाडीने मी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. मोटार हवी म्हणून मी कमिटीच्या मागे लागले होते. अशात एका आंबेवाल्या व्यापाऱ्याच्या मुलाने आपली गाडी विकायला काढली. मुंबईला शिकायला होता, तिथे शिक्षण सोडून बाकी सगळं केलं आणि ही गाडी घेऊन घरी आला. आगबोटीतून पडावात आणि पडावातून मांडवीच्या धक्क्यावर अशी ती उतरवली, तेव्हा निम्मी रत्नागिरी बघायला लोटली होती. शर्यतीच्या गाडीसारखी दिसायची. हलकी, लाल, पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा, आणि पाठीमागे झाकण उघडलं की डिकीत आणखी एक बसायची सोय. पुढे त्याचं लग्न ठरलं, वडिलांनी डोळे वटारले, आणि गाडी स्वस्तात द्यायला तो तयार झाला.

कमिटीतले लोक म्हणाले, बाळंतिणींच्या कामाला ही नाचरी गाडी कशाला. मी म्हटलं, मला बाळंतीण आणायची नाहीये, मला जायचंय. मी, माझी पिशवी आणि ड्रायव्हर. त्याला ही पुष्कळ झाली. सगळ्यांना पटलं. ठराव झाला, आणि ठरावात कुणीतरी शेपूट जोडलं, की चिटणिसांनी गाडी पारखून घ्यावी. मी तिथेच कपाळाला हात लावायला हवा होता.

दसऱ्यानंतर पारख सुरू झाली. पहिल्या दिवशी मी बरोबर होते. व्यापाऱ्याच्या अंगणात नारळीच्या झापांची एक शेड होती, तिच्यात गाडी तोंड आत करून उभी. मुलगा म्हणाला, "चार माणसं बोलावतो, ढकलून मागे काढू."

चिटणीस म्हणाले, "मागे?"

"तोंड आत आहे ना, काका."

"अहो, देवाच्या कामाला गाडी घ्यायची आणि तिचं पहिलं पाऊल मागे? ते चालायचं नाही. पुढून काढा."

"पुढे भिंत आहे."

"झापांचीच आहे ना? सोडा झापं."

आणि खरोखर त्या शेडची मागची बाजू सोडवली. सुंभ कापले, झापं उतरवली, मेढी उपटल्या. गाडी पुढून बाहेर आली. मी ऊन डोक्यावर घेत हा तमाशा बघत होते. मुलाचा चेहरा त्या वेळी का उजळला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, मालकाला गिऱ्हाईक गंभीर आहे याचा आनंद झाला असेल.

चिटणिसांनी तिथेच हुकूम सोडला, की पारख पुरी होऊन गाडी सूतिकागृहाच्या दारात पूजेला लागेपर्यंत ती एक इंचही मागे घ्यायची नाही. मुलगा म्हणाला, "जशी तुमची इच्छा." पुढे जेव्हा जेव्हा तो गाडी दाखवायला आणायचा, तेव्हा मारुती मंदिराला मोठा वळसा घालून वळायचा. आम्हाला वाटायचं, मिरवतोय.

मग काय काय म्हणून सांगू. एक दिवस नुसती टकटक. मडगार्डवर बोट वाजवून म्हणाले, पत्रा पातळ आहे, याला कुणी हात लावायचा नाही, वाकेल. एक दिवस बैठकीचं कातडं हुंगून झालं. पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र इंजिनावर ठेवून ते किती सांडतं ते बघितलं. परटवण्याच्या चढणीवर गाडी चढवली आणि हे छत्री घेऊन मागोमाग चालत गेले, धुराचा रंग बघायला. पावसाळ्यात कुठे उभी होती, खारं वारं लागलं का, शेजारी चुलाण होतं का, अशी तिची जन्मापासूनची हकीकत काढली. सोयरीक जुळवताना माणसं इतकं विचारत नाहीत. प्रत्येक पारखीनंतर पंधरवडा विचार करायचा, आणि मी विचारलं की ठरलेलं उत्तर, "घाई कुणाला आहे?"

घाई कुणाला होती ते त्या हिवाळ्यात कळलं. लांबच्या एका वाडीवरून बोलावणं आलं. बैलगाडी केली, गाडीवानाने बैलांना बिचाऱ्यांना मारून मारून पळवलं. वाडीच्या तोंडाशीच मला रडणं ऐकू आलं. अंगणात बायका बसल्या होत्या. मुलगी विशीतली असेल नसेल. हातातल्या हिरव्या चुड्याचा रंगसुद्धा उतरला नव्हता. तिच्या सासूने मला एवढंच विचारलं, "बाय, जरा आधी येयाला नाय झाला?" मी काय सांगणार होते तिला, की आमचे चिटणीस फुलपात्र घेऊन बसलेत?

तिथून परत आले ती घरी गेलेच नाही, तडक चिटणिसांच्या ओटीवर गेले. ते झोपाळ्यावर होते. जे झालं ते सांगितलं. ऐकत होते, झोपाळा थांबला होता. मी म्हटलं, "आता तरी सही करा."

पायाने झोपाळा पुन्हा हलवत म्हणाले, "एकच बघायचं राहिलंय, बाई."

ऐकलंत? एक पोर मेली होती, आणि यांचं एक बघायचं राहिलं होतं. मी त्यांच्या सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर त्यांना वाटेल ते बोलले.

राहिलेलं काय होतं, तर दुसऱ्या दिवशी देवळातला पखवाजवाला बोलावला. इंजिन चालू करून त्याला शेजारी बसवलं. "ताल सुटतो का ऐका." तो बिचारा मान खाली घालून बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "सुटत नाही, पण दुगुनीत जरा ओढते." चिटणिसांनी डोळे मिटून हे मनाशी घोळवलं, आणि गाडी चांगली आहे, सौदा उत्तम आहे, असा निकाल दिला. शिमग्याच्या आधी गाडी आमच्या दारात आली. हार घातला, नारळ फोडला, राजिवड्याचा इस्माईल ड्रायव्हर म्हणून नेमला. गाडी उभी केली ती तोंड रस्त्याकडे करून. अंगण मोठं होतं, गोल फिरवून पुन्हा तशीच उभी राहायची. मागे घ्यायची वेळच येत नव्हती.

पहिलं बोलावणं पोमेंडीकडच्या एका वाडीवरून आलं, सकाळच्या प्रहरी. पहिलटकरीण, मूल आडवं. मी पिशवी घेऊन बसते तोच चिटणीस हजर. "पहिल्या फेरीला मी असणार," म्हणाले, आणि धोतर सावरत डिकीत चढून बसले. भांडायला वेळ नव्हता. गाडी मात्र सुसाट निघाली, खोटं कशाला बोलू. बैलगाडीची सवय असलेल्या माणसाला ती वाऱ्यासारखी वाटली. माझ्या मनात आलं, उशीर केला मेल्याने, पण वस्तू चांगली निवडली.

वाडीकडे जाणारी पाणंद तुम्ही बघितली असेल, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मधून एक गाडी जाईल एवढीच वाट. आम्ही बरेच आत शिरलो आणि समोरून चिरे भरलेली बैलगाडी आली. भरल्या गाडीला बैल मागे कसे जाणार? गाडीवान म्हणाला, "तुमीच घ्या मागे." बरोबरच होतं त्याचं. इस्माईलने दांडा ओढला. आतून असा आवाज आला, की दगडावर कोयता घासावा. गाडी जागची हलली नाही. पुन्हा ओढला, पुन्हा तोच आवाज.

इस्माईल माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, ही मागे जात नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मागचा गियरच नाय हिला. दात गेलेत सगळे. आजचे नाय, जुनेच गेलेले."

मी वळून डिकीकडे बघितलं. चिटणीस सरळ समोर बघत बसले होते. मी त्यांना काही बोलले नाही, बोलायला लागले असते तर त्या पोरीचं काही खरं नव्हतं. पिशवी गडग्यावर ठेवली, लुगड्याचा काष्टा खोचला, गडगा चढून पलीकडे उडी मारली, पिशवी उचलली आणि कातळावरून धावत सुटले. एक वहाण कुठे पडली कळलं नाही. पोचले. मूल आतून फिरवावं लागलं. आई वाचली, मुलगी झाली, तीही जरा चापट्या खाऊन रडली. पण कसं झालं ते माझं मला माहीत. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्याही अंगणात बायका बसल्या असत्या.

परत आले तेव्हा गाडी पाणंदीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर उभी होती. इस्माईलने सांगितलं, तो चाक धरून बसला, आणि चिटणिसांनी आणि गाडीवानाबरोबर चिऱ्यांवर बसून आलेल्या त्याच्या भावाने पुढून रेटून रेटून ती बाहेर काढली. गाडी मागे जात होती, पण तिला रेटणारे हे गृहस्थ तेव्हाही पुढेच चालत होते. तत्त्व सांभाळलं हो.

ते गडग्याच्या सावलीत बसले होते, दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून, देवळातल्या कीर्तनाला बसल्यासारखे. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत. तुमच्यामुळे नाही."

"बरं झालं."

"इतके महिने पारखलीत. वास घेतलात, पाणी ठेवलंत, पखवाजवाला आणलात. एकदा, एकदा तरी मागे घेऊन बघायची होतीत."

"पहिलं पाऊल..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले.

"आता विचारा ना," मी म्हटलं, "घाई कुणाला आहे."

त्यांनी विचारलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही कधी ते वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. पण चुकलं असंही ते म्हणाले नाहीत. निदान मला तरी म्हणाले नाहीत, आणि माझा राग आहे तो त्याचाच. एक शब्द तर होता. आंबेवाल्याच्या मुलाला मी जाब विचारायला गेले, तर तो म्हणतो, "कुणी विचारलंच नाही." हाही नगच.

गाडीची गियरची पेटी कोल्हापूरच्या मिस्त्रीने उघडून बघितली. दात गेलेलं ते चाक विलायतेहून यायला हवं, आणि तसली गाडी आता निघतही नाही, म्हणून त्याने पेटी पुन्हा लावून टाकली. दुसरी गाडी घ्यायची कमिटीची ऐपत नव्हती. मग काय करायचं, हा प्रश्न सभेत निघायचा होता. त्याआधीच बोलावणं आलं, मी बाहेर आले, आणि बघते तर चिटणीस छत्री घेऊन डिकीत बसलेले.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"पाणंद असेल पुढे," ते म्हणाले.

तेव्हापासून हा माणूस प्रत्येक फेरीला येऊ लागला. वेळ कुठलीही असो, इस्माईलने गाडी सुरू केली की त्यांच्या घरापर्यंत तो आवाज जायचा, आणि हे उपरणं सावरत हजर. कुठे वाट अडली की गाडी थांबायची. डिकीचं झाकण वाजायचं, चिटणीस उतरून पुढे यायचे, इस्माईलला म्हणायचे, "चाक सरळ धर," आणि गाडीच्या नाकाला दोन्ही हात लावून रेटायला लागायचे. मडगार्डला हात लावायचा नाही हा त्यांचाच नियम. सत्तरीला टेकलेला माणूस, कपाळावरच्या शिरा फुगायच्या. मी बसूनच राहायची. उतरून हात लावावा असं मला वाटायचं नाही. ज्याने घोळ घातला त्याने तो निस्तरावा. काम झालं की हात उपरण्यात गुंडाळून ते पुन्हा डिकीत जाऊन बसायचे. ते हात गुंडाळणं मला ढोंग वाटायचं. काय रुबाब, म्हणायची मी मनात.

आणि गावाने काय करावं? गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. चिटणिसांसारखा सेवाभावी माणूस नाही, या वयातही बाळंतिणींसाठी धावतात. पोमेंडीच्या त्या घराने बारशाला त्यांना मानाने बोलावलं, पाटावर बसवलं. मला बोलावलं ते ओल्या नाळेचं काय करायचं विचारायला. मी तिथे सगळ्यांसमोर सांगणार होते की खड्डा यांनीच खणला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पान माझ्यापुढे सरकवलं. मी गिळून टाकलं.

अशी काही वर्षं गेली. त्यांनी कधी कुरकुर केली नाही आणि मी कधी आभार मानले नाहीत. मग एका पावसाळ्यात त्यांना ताप भरला तो उतरला नाही. सूतिकागृहात शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, त्यांनी आयुष्यात कधी पाऊल मागे घेतलं नाही. मी उठून बाहेर आले.

पावसाळा संपल्यावर वाटा सुकल्या, आणि बोलावणं आलं. वाडी नाचणे गावाच्या पलीकडची. पाणंदीत शिरलो, अर्ध्या वाटेत समोरून लाकडं भरलेली बैलगाडी आली. इस्माईलने गाडी थांबवली. आम्ही दोघंही बसून राहिलो. डिकीचं झाकण वाजण्याची वाट बघत होतो, दुसरं काय. मग त्याच्याही लक्षात आलं आणि माझ्याही.

गाडीवान बैलांचे कासरे धरून उभा होता, एकटाच. इस्माईलला चाक सोडता येत नव्हतं. आत वाडीत बाई अडली होती. मी उतरले, पुढे आले आणि गाडीच्या नाकाला, त्या पाण्याच्या टाकीच्या पितळी चौकटीला दोन्ही हात लावले, आणि किंचाळून मागे घेतले. तवा तापावा तशी तापली होती.

पदर काढून हातांना गुंडाळला तरी चटका बसत होता. चिटणिसांना ते जमायचं नाही, उपरण्याने हात निसटतात म्हणून उघड्या हातांनी रेटायचे, हे इस्माईलने मला त्या दिवशी सांगितलं. इतकी वर्षं, दर फेरीला. एका शब्दाने सांगितलं नाही त्या माणसाने.